स्टोअरकीपर बदलावा की नाही?

आमच्या घरात कॉम्प्युटर आहे आणि तो मला वापरता येतो, हे चारचौघांत सांगायला मला अजूनही संकोच वाटतो. इकडे दिमोनात माझ्या वयाची मंडळी संध्याकाळी बाकावर बसून गुडघ्यांविषयी बोलतात. मी हार्ड डिस्कविषयी बोलू लागलो तर गुडघे दुखत असूनही उठून जातील. तरीसुद्धा या वेळी विषय तोच आहे. वाचकांनी थोडी सवलानुत ठेवावी, कारण गोष्ट शेवटी आपल्या सर्वांच्या घरचीच निघेल.

गेल्या हिवाळ्यात माझा थोरला नातू सैन्यातून सुटीवर आला होता. गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर तो माझ्या टेबलाशी बसला आणि कॉम्प्युटरची तपासणी करू लागला. आजोबांच्या कॉम्प्युटरला हात लावायचा म्हणजे काहीतरी दुरुस्त करायलाच हवे, अशी या पिढीची समजूत आहे. थोड्या वेळाने म्हणाला, "सबा, तुझ्या डिस्कचं फर्मवेअर जुनं आहे. कंपनीनं नवं काढलंय. दहा मिनिटांचं काम. करून टाकू?"

(हिब्रूत 'तुम्ही' नाही, त्यामुळे मराठीतही तो मला 'तू'च म्हणतो. मी आता मनावर घेत नाही.)

मी म्हणालो, "थांब. आधी मला सांग, त्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे का?"

त्याला ठाऊक नव्हते. वाचकांनाही नाही, म्हणून आधी ते सांगतो.

मी १९७१ साली इस्राएलला आलो. आई मुंबईलाच राहिली, माझगावच्या चाळीत, माझ्या धाकट्या बहिणीजवळ. आईला लिहिता येत नसे. पत्रे बहीण लिही आणि आई शेजारी बसून सांगे. पण बहिणीच्या अक्षरात आई उतरत नसे. पुढे १९८२ च्या सुमारास कोणीतरी बहिणीला एक टेपरेकॉर्डर आणून दिला आणि तेव्हापासून पत्रांऐवजी कॅसेटी येऊ लागल्या. मुंबईहून कोणी येणार असले की त्याच्या पिशवीत लोणच्याच्या बाटलीबरोबर एक कॅसेट असायचीच. आई टेपरेकॉर्डरशी ओरडून बोलायची, कारण इस्राएल लांब आहे. कोणाचे लग्न ठरले, कोणी घर विकले, बोंबलाचा भाव काय झाला, गव्हाच्या चिकाचा हलवा घोटताना हात थांबवायचा नाही हे सुनेला सांग, असे सगळे त्यात असे. मागे कुकरची शिट्टी, बाहेर डॉकयार्ड रोडवरून जाणाऱ्या हार्बर लोकलचा आवाज. अशा ११ कॅसेटी. १९८९ साली आई गेली. मी वेळेवर पोहोचू शकलो नाही. आपल्यापैकी किती जणांची हीच कथा आहे, ते मी सांगायला नको.

२०१४ साली आम्ही लहान घरात राहायला गेलो. त्याआधी बेरशेव्याच्या एका दुकानदाराकडून मी त्या ११ कॅसेटी कॉम्प्युटरवर घालून घेतल्या. तासाच्या एका कॅसेटला सुमारे ६०० मेगाबाइट जागा लागली. दुकानदार म्हणाला, "मागची खरखर काढून आवाज साफ करून देऊ का? त्याचे वेगळे पडतील." वेगळे पडतील म्हणताच मी नको म्हणालो. आणि घर बदलताना त्या कॅसेटी मी टाकून दिल्या. वाजवायला यंत्र नव्हते, ठेवायला जागा नव्हती, आणि आवाज तर डिस्कवर आलाच होता.

महिन्याभराने बहीण अश्दोदहून त्या कॅसेटी न्यायला आली. १९९० पासून ती इकडेच आहे. मी जे केले ते सांगितल्यावर ती एवढेच म्हणाली, "आई तुझ्या एकट्याची नव्हती, दादा." मी म्हणालो, "तुला डिस्कवरून करून देतो की." तिने पाणीसुद्धा घेतले नाही. मलाही राग आला आणि मग त्या प्रती करून द्यायचे राहून गेले. राहून गेले हा शब्द सोयीचा आहे. खरे तर मी दिल्या नाहीत. त्यानंतर आमचे बोलणे लग्नात आणि मयतीला, एवढेच.

तर नातू ज्या डिस्कचे फर्मवेअर बदलू पाहत होता, त्या डिस्कमध्ये हे होते.

आता फर्मवेअर म्हणजे काय? हा शब्द १९६७ साली ॲशर ओपलर या संगणकतज्ज्ञाने प्रचारात आणला, तो हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधल्या वस्तूसाठी. हार्ड डिस्क ही नुसती पेटी नाही. तिच्या आत चकत्या असतात, त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेतात, आणि वाचणारे डोके चकतीला न टेकता तिच्यावर तरंगते. मधले अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. हे सगळे सांभाळायला डिस्कच्या आतच एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्याचा स्वतःचा कार्यक्रम असतो. तोच फर्मवेअर. त्यातला काही भाग डिस्कच्या खालच्या पट्टीवरील चिपमध्ये असतो, काही भाग खुद्द चकतीवरच एका राखीव जागेत लिहिलेला असतो. कोणती जागा खराब झाली, तिच्याऐवजी कोणती वापरायची, याची नोंद तोच ठेवतो.

मला हे समजायला वेळ लागला नाही, कारण माझा जन्म स्टोअरमध्ये गेला. मुंबईला एका कापड गिरणीच्या स्टोअरमध्ये चार वर्षे, आणि इकडे एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये ३० वर्षे. डिस्क हे गोदाम. फर्मवेअर हा स्टोअरकीपर. मालाला हात न लावता फक्त स्टोअरकीपर बदलायचा, असे नातू म्हणत होता. आणि तेच ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

गिरणीत आमचे एक जुने हेड स्टोअरकीपर होते. बिन कार्डे स्वतःच्या हाताने लिहीत आणि त्यांवर स्वतःच्याच खुणा करीत. एके दिवशी ते आजारी पडून गावी गेले आणि त्यांच्या जागी दुसरे गृहस्थ आले. तीन दिवस एक बेअरिंग सापडेना आणि माग बंद पडून राहिले. बेअरिंग स्टोअरमध्येच होते. चोरीला गेले नव्हते, मोडले नव्हते. फक्त कोठे आहे ते नव्या माणसाला वाचता येत नव्हते. मालकाच्या दृष्टीने मात्र असून नसल्यासारखेच.

नातवाला मी हे सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, "सबा, असं खरंच झालंय." आणि त्याने मला दोन हकिगती वाचून दाखवल्या. त्या येथे देतो, कारण त्या दोन्ही बाजूंनी बोलतात.

पहिली जानेवारी २००९ ची. सीगेट कंपनीच्या बाराकुडा ७२००.११ या जातीच्या काही डिस्कांच्या फर्मवेअरमध्ये दोष निघाला. डिस्क चांगली चालत असे, आणि एके दिवशी कॉम्प्युटर सुरू करताच ती दिसेनाशी होई. आतली माहिती जागच्या जागी, पण तेथे पोहोचता येत नसे. अगदी आमच्या बेअरिंगसारखे! कंपनीने घाईने नवे फर्मवेअर काढले. तर ते घातल्यावर ५०० गिगाबाइटच्या काही डिस्क बंद पडल्या. कंपनीला ते मागे घेऊन सुधारलेले द्यावे लागले. म्हणजे न बदलणाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार, आणि पहिल्याच दिवशी बदलणाऱ्याचे डोकेच त्या तलवारीखाली.

दुसरी नोव्हेंबर २०१९ ची. हुलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने गिऱ्हाइकांना कळवले की, मोठ्या कॉम्प्युटरांत बसवलेल्या आमच्या काही एसएसडी डिस्क बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील, आणि आतली माहिती परत मिळणार नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात, कॉम्प्युटरवाल्यांच्या नेहमीच्या ओळखीचा. उपाय एकच, त्याआधी फर्मवेअर बदला. येथे ज्याने 'चालतंय ना, मग हात कशाला लावा' म्हटले, तो बुडाला. आणि एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क जवळजवळ एकाच वेळी जाणार, त्यामुळे शेजारच्या डिस्कवर ठेवलेली दुसरी प्रतही उपयोगाची नाही!

धरले तर चावते, सोडले तर पळते. मी नातवाला विचारले, "आपल्या डिस्कला कोणता रोग आहे? नवं फर्मवेअर कशावर औषध आहे?" त्याने कंपनीची सूचना पुन्हा वाचली. 'स्थैर्य सुधारते', एवढेच. हे म्हणजे वैद्याने टॉनिक दिल्यासारखे. रोगाचे नाव नाही, पण घ्या, बरे वाटेल.

शिवाय काम चालू असताना वीज गेली तर डिस्क कायमची मुकी होऊ शकते. आणि त्या आठवड्यात आमच्याकडे वारा आणि वीज यांचे काही खरे नव्हते. मी म्हणालो, "नको."

नातू म्हणाला, "बेसेदेर. पण बदललं नाही तरी डिस्क एक दिवस जाणारच. दुसरी प्रत कुठे आहे?"

"कसली दुसरी प्रत?"

"सबा, ३० वर्षं स्टोअर सांभाळलंस आणि एकच नग ठेवलास?"

वाचकहो, मला उत्तर देता आले नाही. ज्या वस्तूवाचून माग थांबतो तिचा एक नग मागे राखून ठेवावा, हे मी कितीतरी नव्या पोरांना शिकवले होते. आणि आईच्या आवाजाचा एकच नग मी टेबलाखाली, धुळीत, जुन्या डिस्कवर ठेवला होता. दुसरा नग जिच्या घरी सहज राहिला असता, तिला मीच तो दिला नव्हता. फर्मवेअर बदलावे की नाही हा प्रश्न मला एवढा भयंकर का वाटत होता, ते तेव्हा कळले. प्रश्न भयंकर नव्हता, एकच प्रत ही गोष्ट भयंकर होती.

रविवारी तो पुन्हा सैन्यात जाणार होता, म्हणून शब्बाथ सुटल्यावर लगेच त्याने नवी डिस्क जोडली आणि प्रती काढायला सुरुवात केली. फोटो गेले, कागदपत्रे गेली. कॅसेटी जाऊ लागल्या. पहिली, दुसरी. तिसरीवर गाडी अडली आणि कॉम्प्युटरने 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असे काहीतरी लिहून हात वर केले. म्हणजे, जे लिहिले होते आणि जे वाचता आले, ते जुळत नाही.

मग त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा कार्यक्रम उघडला. डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, ती त्यात वाचता येते. डिस्क एकूण १७ हजारांहून अधिक तास चालली होती आणि निळ्या खुणेच्या जागी पिवळी खूण होती. काही जागा वाचता येईनाशा झाल्या होत्या. स्टोअरकीपर बदलावा की नाही यावर आम्ही खल करीत होतो आणि इकडे गोदामाची भिंतच खचत होती.

अशा डिस्कवर फर्मवेअरचे प्रयोग करायचे नसतात. जे निघते ते आधी काढून घ्यायचे आणि डिस्कला निरोप द्यायचा. नातवाने ती लगेच बंद केली. पेनड्राइव्हवरून दुसरी व्यवस्था चालू करून डीडीरेस्क्यू नावाचा कार्यक्रम लावला. तो शहाण्या माणसासारखा वागतो. अडलेल्या जागी डोके आपटत बसत नाही, आधी चांगला माल बाहेर काढतो आणि हट्टी जागांकडे शेवटी वळतो. पहाटेपर्यंत काम चालले. सौ. दोनदा उठून चहा देऊन गेली. शेवटी सगळे निघाले, फक्त तिसऱ्या कॅसेटच्या शेवटचे सुमारे ४० सेकंद गेले.

मी वाजवून पाहिले. आईचे बोलणे पूर्ण होते. गेली होती ती शेवटची खरखर. मला हायसे वाटले. आणि त्या हायशा वाटण्याच्या भरात मी अश्दोदला फोन केला.

"बाय, मी बोलतोय."

पलीकडे क्षणभर काही नाही. मग, "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही गं. आईच्या कॅसेटींच्या प्रती काढल्या. तुझ्यासाठी. एकीचे शेवटचे ४० सेकंद गेले, पण तिथे काही नव्हतं. नुसती खरखर, आणि कटकट आवाज. कॅसेटचाच दोष असेल."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, तो दोष नव्हता. बोलून झालं की आई टेपरेकॉर्डर मांडीवर घ्यायची आणि त्याच्या जाळीवरून हात फिरवायची, तुझ्या तोंडावरून फिरवल्यासारखा. ती खरखर. आणि मग कानशिलाला हात लावून बोटं मोडायची. ती कटकट. मी म्हणायची, आई, टेप वाया जाते. ती म्हणायची, जाऊ दे. दर कॅसेटला करायची. तुला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे आईचे बोलणे संपले की मी यंत्र बंद करीत होतो.

पुढच्याच आठवड्यात बेरशेव्याला बस बदलून मी अश्दोदला गेलो. बाकीच्या दहा कॅसेटींचे शेवट आम्ही दोघांनी एकामागून एक ऐकले. सगळे जागेवर होते. दुकानदाराला आवाज साफ करायचे पैसे दिले असते तर एकही उरला नसता. काटकसरीचा मला आयुष्यात एवढा फायदा कधी झाला नव्हता. बहिणीने पाणी दिले, मग जेवूनच जा म्हणाली.

आता मूळ प्रश्न राहिला, फर्मवेअर बदलावे की नाही? माझ्यासारख्यांनी विचारले तर मी एवढे सांगेन. आधी दुसरी प्रत करा आणि ती दुसऱ्याच्या घरी ठेवा. मग डिस्कची तब्येत पाहा. ती आजारी असेल तर फर्मवेअर विसरा, माल हलवा. ती धडधाकट असेल, तर कंपनी कोणता दोष सांगते ते वाचा आणि तुमच्या डिस्कचा मॉडेल व अनुक्रमांक त्यात बसतो का ते जुळवा. माहिती नष्ट होण्याचा दोष असेल तर बदलाच. नुसते टॉनिक असेल तर घाई नको, पहिल्या दिवशी तर नकोच. चार लोकांचे काय झाले ते कळू द्या. फर्मवेअर त्या कंपनीचेच, त्याच मॉडेलचे घ्या, आणि काम चालू असताना वायरीला कोणी पाय लावणार नाही एवढे पाहा.

आणि नवी डिस्क आणलीत तर हे काम तिच्यात काही ठेवण्याआधीच करा. पुढच्या सुटीत नातवाने आणखी एक नवी डिस्क आणली. कंपनीने तिच्यासाठीही नवे फर्मवेअर काढलेले होते. त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "घाल." रिकाम्या गोदामात स्टोअरकीपर बदलायला कसली भीती? काही मिनिटांत काम झाले, आणि मग आम्ही माल भरला.

जुनी डिस्क मी टाकलेली नाही. या वेळी शहाणपण आले. ती खणात आहे.

बहिणीचा आता दर शुक्रवारी दुपारी फोन येतो. पहिला प्रश्न, "दादा, जेवलास का?" दुसरा, "डिस्क ठीक आहे ना?"